आउटबोर्ड मोटर फुलला मस्त पळते पण स्लो केली की बंद पडते, कार्बोरेटर बदलू का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं, बोटीच्या मागे लावायची २५ एचपीची जुनी टू स्ट्रोक मोटर तुम्ही कोकणातून सेकंडहँड घेतली, पावसाळाभर पुण्यात पार्किंगमध्ये पडून होती, आता धरणावर नेली तर फुल थ्रॉटलला झकास पळते पण किनाऱ्याजवळ येऊन स्लो केली किंवा न्यूट्रलमधून गिअर टाकला की फुस्स. आणि मेकॅनिक म्हणतोय कार्बोरेटरच बदला. एवढ्यात बदलू नका.

ज्यांनी टू स्ट्रोक स्कूटर चालवलीय त्यांना हे दुखणं पाठ आहे, सिग्नलला थांबलं की बंद, मग ती आडवी करा, किका मारा, मागचे हॉर्न वाजवतायत. तुमच्या मोटरचं तेच आहे, फक्त ती पाण्यात बंद पडते म्हणून घाबरायला होतं. कार्बोरेटरमध्ये फुल स्पीडचा आणि स्लोचा पेट्रोलचा रस्ता वेगवेगळा असतो. फुलला मेन जेट काम करतो, त्याचं भोक मोठं, थोडा कचरा असला तरी ओढून घेतो. स्लोला पायलट जेट, त्याचं भोक अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास, त्यात वाळलेल्या पेट्रोलचा चिकट पिवळा थर बसला की संपलं. म्हणून फुलला पळते म्हणजे कार्बोरेटर साफ आहे असं अजिबात नाही. उलट फुलला नीट पळतेय म्हणजे टाकी, पंप, मेन जेट बहुतेक ठीक आणि संशय पायलटवर.

आता काहीही खोलायच्या आधी एक गोष्ट करा. इंजिन गरम होऊ द्या, स्लोवर आणा, आणि बंद पडायला लागलं की चोक थोडासा ओढा, पूर्ण नाही. चोक ओढल्यावर सावरलं तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. (असं इंजिन बंद पडताना कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखा फट्ट आवाजही करतं.) चोक ओढल्याबरोबर जास्तच गुदमरून मेलं तर पेट्रोल आधीच जास्त होतंय, मग फ्लोटची सुई, तेलकट काळे प्लग, तिकडे बघायचं. एवढ्याने निम्मं काम होतं आणि खर्च शून्य. मग तसंच टाकीच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबून बघा. दाबल्यावर सुधारत असेल तर फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) किंवा नळीच्या कनेक्टरची ओ-रिंग (रबरी रिंग) बघा, आणि बल्ब आपोआप चपटा होत असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय. हसू नका, मी स्वतः तो स्क्रू बंद ठेवून अर्धा तास दोरी ओढलीय.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो कारण तुमचा मेकॅनिक पुढे हेच सुचवणार. मेव्हण्याची पानशेतच्या बॅकवॉटरला भागीदारीत एक बोट होती, तिला हाच त्रास. एकाने येऊन सरळ आयडलचा, म्हणजे स्लोचा वेग वाढवायचा स्क्रू पिळला, मोटर बंद पडायची थांबली, आम्ही खुश. पण स्लोच इतका वाढला की गिअर टाकला की खट्टकन आवाज, बोट उडी मारायची, आणि दोन महिन्यांत खालच्या गिअरबॉक्समधल्या क्लचचे दात झिजून गिअर सुटायला लागला. त्याचा खर्च कार्बोरेटर साफ करण्याच्या कितीतरी पट. आत कचरा तसाच होता, फक्त झाकला गेला होता.

साफ करताना, मोकळ्या हवेत, फ्लोट चेंबर काढलं की आधी त्यातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि टाकीच्या तळातलंही घ्या, रात्रभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल धरतं, आणि अर्धी रिकामी टाकी पुण्याच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर पडून राहिली तर काय होणार. ते पेट्रोल बोटीत वापरायचं नाही. पायलट जेट बाहेर काढा, नाना पेठेत कार्ब क्लिनरचा स्प्रे मिळतो तो मारा, कॉम्प्रेसरची हवा मारा, आणि तरी उघडला नाही तर वायरमधली एक बारीक तांब्याची तार घाला, सुई किंवा स्टीलची तार नको, पितळेचं भोक मोठं झालं की तो जेट गेला. पायलट स्क्रू (स्लोचं हवा-पेट्रोलचं मिश्रण जुळवणारा) काढण्याआधी तो हलकेच आत बसेपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवा, परत बसवताना तेवढेच बाहेर. समुद्रावर सेट केलेली मोटर पुण्यात ५५०-६०० मीटर उंचीवर हवा विरळ असल्याने किंचित रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, अशी चालते, पण तो फरक एवढा नाही की बंद पडावी, शेवटी पायलट स्क्रूवर थोडंसं जुळवलं की झालं.

कार्बोरेटर साफ करूनही तसंच, तर एकेका सिलिंडरची टेस्ट. इंजिन बंद करून एका प्लगची कॅप काढा, त्यात जुना प्लग घालून तो बॉडीला टेकवून ठेवा आणि मग चालू करा. ज्या सिलिंडरची कॅप काढल्यावर काहीच फरक पडत नाही तो स्लोला मेलेला आहे. दोन्हींना मिळून एकच कार्बोरेटर असेल आणि एकच सिलिंडर मेला असेल तर कार्बोरेटरचा बिचाऱ्याचा दोष नाही, प्लग, कॉइल किंवा कॉम्प्रेशन बघा. ऑइल पण विचारतो, स्कूटरचं टू-टी टाकताय का? आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू३ लागतं, ते पाण्याने थंड होणाऱ्या टू स्ट्रोकचं ऑइल, आणि मॅन्युअलमध्ये पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, "इंजिन टिकेल" म्हणून ४० टाकलं की प्लग तेलाने माखतात.

फक्त गिअर टाकल्यावरच बंद पडत असेल आणि न्यूट्रलला तासभर चालत असेल तर वरचं सगळं नंतर, आधी पंखा (प्रोपेलर) काढून त्यामागे बघा. मासे धरणाऱ्यांचं तंगूस किंवा जलपर्णीच्या मुळ्या शाफ्टला गुंडाळलेल्या असतात, तेवढा ओढा स्लोच्या इंजिनाला झेपत नाही.

घरी चालवून बघायची तर पंखा काढून मोटर पाण्याच्या निळ्या पिंपात सोडा, पंख्याच्या जागेच्या वरची आडवी पट्टी पाण्याखाली जाईल इतकं पाणी हवं. कोरडी एक मिनिटसुद्धा नको, थंड करायला पाणी ओढणारा आतला रबरी इम्पेलर जळतो. पिंपात धूर साठून तोच परत इंजिनात जातो त्यामुळे स्लो थोडा खडखडाटच करणार (आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा फोटो येणार), तेव्हा पायलट स्क्रू शेवटी धरणावरच, बोट बांधून, पुढच्या गिअरमध्ये जुळवा. त्या दिवशी बोटीत वल्ही दोन न्या, आम्ही एकच नेलं होतं.