‘गेट’ने घातलेले घोळ

गेल्या काही महिन्यांतल्या पत्रांपैकी निम्मी एकाच इंग्रजी क्रियापदाबद्दल आहेत : ‘गेट’ (get). शब्द तीन अक्षरी, शंका तीच ती, आणि ‘एका मित्राने सांगितले’ हे पालुपद बहुतेक पत्रांत. म्हणून या वेळी सगळी एकदमच घेतो.

‘गेट’चे एकूण अर्थ किती? सगळे पाठ करायचे आहेत.

करू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे सुधारणा करताना ‘रन’च्या क्रियापदाचे सुमारे ६४५ अर्थ निघाले आणि त्याने ‘सेट’ला मागे टाकले. ‘गेट’चा क्रमांक त्यांच्यानंतरचा असला तरी पाठांतराच्या आवाक्याबाहेरचाच. मिळणे, आणणे, होणे, पोहोचणे, समजणे आणि करवून घेणे हे सहा पक्के करा. बाकीचे वाचनात भेटतील तेव्हा शब्दकोश उघडा.

‘शी गॉट मॅरिड विथ’ की ‘मॅरिड टू’?

‘टू’. ‘विथ’ हा मराठीतल्या ‘–शी’चा प्रताप आहे.

‘गॉटन’ ही अमेरिकनांनी केलेली मोडतोड आहे, असे आमच्या ग्रुपवर आले होते. खरे का?

नाही. ‘गॉटन’ जुनेच रूप आहे. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये, ‘उत्पत्ती’ (जेनेसिस) या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात पहिल्याच ओळीत ते सापडेल. ब्रिटनमध्ये ते मागे पडले, अमेरिकेत टिकले. ‘फरगॉटन’ मात्र दोन्हीकडे चालते, त्याला कोणी मोडतोड म्हणत नाही. परीक्षा ब्रिटिश पद्धतीची असेल तर ‘गॉट’ लिहा. अमेरिकेतही ‘माझ्याजवळ आहे’ या अर्थाने ‘आय हॅव गॉट’च म्हणतात, ‘गॉटन’ नाही. कुठली पद्धत लागू आहे ते परीक्षेच्या सूचनांत पाहा, ग्रुपवर नको.

‘डू यू हॅव गॉट अ पेन?’ बरोबर आहे का?

नाही. ‘डू यू हॅव’ म्हणा किंवा ‘हॅव यू गॉट’ म्हणा. दोन्हींची खिचडी नको.

फोनवर ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ म्हटले की समोरचा परदेशी सहकारी गोंधळतो. का?

कारण तुम्हाला आवाज येत नाही की मुद्दा कळत नाही, हे त्याला त्यातून समजत नाही. शिवाय ‘समजणे’ या अर्थाच्या ‘गेट’ला तिकडे सहसा ‘–इंग’ लावत नाहीत. आवाज येत नसेल तर ‘आय कान्ट हिअर यू’. मुद्दा कळला नसेल तर ‘आय डोन्ट क्वाइट फॉलो’.

मोटारीसाठी ‘गेट इन’ आणि बससाठी ‘गेट ऑन’ असे का?

ज्यात वाकून शिरायचे आणि बसूनच राहायचे तिथे ‘इन’, बाहेर पडताना ‘आउट ऑफ’. ज्यात चढल्यावर उभे राहून चालता येते तिथे ‘ऑन’, उतरताना ‘ऑफ’. सायकल आणि घोडा यांवर आपण वरच बसतो, म्हणून तिथेही ‘ऑन’. नियम ढोबळ आहे, पण नव्वद टक्के वेळा तारून नेतो.

‘आय कट माय हेअर यस्टरडे’ म्हटल्यावर सगळे माझ्या डोक्याकडे पाहायला लागले. काय चुकले?

हा प्रश्न आला याचा मला आनंद आहे, कारण शिकल्यासवरल्या माणसांच्या इंग्रजीत मला सर्वांत जास्त खुपणारी चूक हीच.

मराठीत ‘मी केस कापले’, ‘मी घर बांधले’, ‘मी गाडी दुरुस्त केली’ असे खुशाल म्हणतो. कात्री दुसऱ्याच्या हातात होती हे ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी ती सवलत सहसा देत नाही. ‘आय कट माय हेअर’ म्हणजे आरशासमोर उभे राहून तुम्ही स्वतः कात्री चालवलीत. लोक डोक्याकडे पाहणारच. म्हणायचे होते ‘आय गॉट माय हेअर कट’.

क्रम नीट पाहा : आधी ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप. ‘आय गॉट द कार रिपेअर्ड’. आपण मराठीच्या वळणाने ‘आय गॉट रिपेअर्ड द कार’ म्हणतो, ते चूक. ‘हॅव’ वापरलेत तर क्रम आणखी जपा. ‘आय हॅड माय गॉलब्लॅडर रिमूव्ड’ म्हणजे शस्त्रक्रिया करून घेतली. ‘आय हॅव रिमूव्ड माय गॉलब्लॅडर’ म्हणजे ती तुम्हीच केलीत. वैद्यकीय अर्जावर हे वाक्य मी वाचले आहे. डॉक्टर हसून सोडून देतील, पण नोकरीच्या अर्जावर प्रकरण हसण्यावारी जात नाही. ‘आय डेव्हलप्ड द सॉफ्टवेअर’ लिहिलेत आणि प्रत्यक्षात दुसऱ्यांकडून करवून घेतले असेल, तर मुलाखतीत तिसऱ्याच प्रश्नाला उघडे पडाल, आणि समोरचा त्याला व्याकरणाची चूक म्हणणार नाही.

आता काम करणारा माणूस वाक्यात आला की पुढची गंमत. ‘आय गॉट हिम टू साइन’ यात ‘टू’ हवा, ‘आय हॅड हिम साइन’ आणि ‘आय मेड हिम साइन’ यांत नको. अर्थही एक नाही. ‘गॉट’मध्ये थोडी मनधरणी असते, ‘हॅड’मध्ये नुसते सांगणे, ‘मेड’मध्ये भाग पाडणे. मराठीत तिन्हींसाठी ‘त्याला सही करायला लावली’ चालून जाते. त्यामुळे साहेबांना गोडीगुलाबीने राजी केलेला माणूस ‘आय मेड माय बॉस साइन’ असे लिहून मोकळा होतो.

आणखी एक. नको असलेली गोष्ट घडली तरी साचा हाच. ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर’ म्हणजे बोट दारात सापडले. कोणाला सांगून सापडवून घेतले असे नव्हे. कोणता अर्थ हे संदर्भावरून ठरते. महत्त्वाच्या कागदावर असे वाक्य असेल तर जाणत्या माणसाच्या नजरेखालून घाला.

ग्राहकाला ‘आय विल गेट बॅक ॲट यू टुमॉरो’ असे लिहिले. त्यानंतर त्याचे उत्तरच नाही.

‘गेट बॅक टू’ म्हणजे पुन्हा संपर्क साधणे. ‘गेट बॅक ॲट’ म्हणजे सूड उगवणे. आजच फोन करा.

मुलाखतीनंतर ‘वुई विल गेट बॅक टू यू’ अशी मेल आली. तीन महिने वाट पाहतो आहे. याचा अर्थ निवड झाली असा होतो, असे भाऊ म्हणतो.

होत नाही. नकार असाही होत नाही. ‘कळवू’, एवढेच. पण तीन महिने? दोन आठवड्यांनी आपणच विचारायचे असते. माझ्याऐवजी त्यांना लिहिले असते तर आतापर्यंत उत्तर हातात असते.

‘गेट’सह एक हजार फ्रेजल व्हर्ब्ज (‘गेट ओव्हर’सारखी जोडशब्दी क्रियापदे) तीस दिवसांत शिकवणाऱ्या ॲपची फी भरू का? परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे.

परीक्षा पुढच्या आठवड्यात आणि अभ्यासक्रम तीस दिवसांचा, हा हिशेब तुम्हीच करा. असल्या याद्यांत ‘गेट बाय’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट अवे विथ’ यांच्यापुढे एकेक मराठी शब्द ठेवून आकडा फुगवलेला असतो. ‘गेट ओव्हर’पुढे ‘सावरणे’ लिहिले की झाले! मग विद्यार्थी ‘ही गॉट ओव्हर द फॉलिंग ग्लास’ असे लिहितो. आजारातून किंवा धक्क्यातून सावरणे वेगळे आणि पडता पेला सावरणे वेगळे, हे यादी सांगत नाही. शिकणाऱ्यांसाठीचे चांगले शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहेत आणि प्रत्येक अर्थाला वाक्य देतात. या आठवड्यात जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा आणि चुका शिक्षकांना दाखवा.

निबंधात ‘गेट’ लिहिले की गुण कापतात, असे ऐकले आहे.

सरसकट नाही. औपचारिक लेखनात ‘रिसीव्ह’, ‘बिकम’, ‘ऑब्टेन’ शोभतात, हे खरे. पण ‘आय ऑब्टेन्ड अप ॲट सिक्स’ लिहिणारे विद्यार्थी याच ऐकीव सल्ल्यातून निपजतात. परीक्षकांच्या अपेक्षा तुमच्या शिक्षकांनाच विचारा.

कंत्राटात ‘द कॉन्ट्रॅक्टर शॅल गेट द वर्क डन’ असे वाक्य आहे. काम मी स्वतः करायचे, की दुसऱ्याकडून करवून घेतले तरी चालेल?

इंग्रजीत दोन्ही अर्थ निघतात : काम पुरे करणे आणि काम करवून घेणे. आपल्याकडेही ‘मी काम उरकून घेतले’ म्हणजे स्वतः केले आणि ‘मी कपडे शिवून घेतले’ म्हणजे शिंप्याने शिवले. पोटकंत्राट देता येते की नाही हे एकट्या ‘गेट’वरून ठरवू नका; त्याबद्दलचे वेगळे कलम आहे का ते पाहा. नसेल तर स्पष्ट शब्दांत घालून घ्या. कागद वकिलाला दाखवा, आणि सही त्यानंतर करा.