गोड खा, पण बक्षीस म्हणून नको

प्रिय,

आठवडाभर नीट जेवायचं आणि शनिवारी त्याचं बक्षीस म्हणून केक, ही तुझी योजना वाचली. केक राहू दे, बदलायचा आहे तो त्यामागचा सौदा. 'भाजी संपवली म्हणून चॉकलेट' असं ठरलं की भाजी शिक्षा होते आणि चॉकलेटचा भाव वाढतो. लहान मुलांवरच्या प्रयोगांत हे दिसलं आहे: जो पदार्थ बक्षीस म्हणून मिळतो, तो जास्त आवडू लागतो. मोठ्यांचं फार वेगळं नसतं.

हिशेबही बसत नाही. 70 किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर साधारण 150 कॅलरी खर्च होतात, 50 ग्रॅम मिल्क चॉकलेटात 260च्या आसपास असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतली साखर मिळून दिवसाच्या 10 टक्के कॅलरींपेक्षा कमी हवी. 2,000 कॅलरींच्या आहारात म्हणजे 50 ग्रॅमच्या आत. 330 मिलिलिटर कोलातच सुमारे 35 ग्रॅम जातात.

पहिले सात दिवस काहीच बदलू नकोस. गोड खाल्लंस की चार गोष्टी लिही: वेळ, त्याआधी काय चाललं होतं, किती खाल्लं, आणि खरं काय हवं होतं. चौथा रकाना रिकामा ठेवायचा मोह होईल, पण सगळं त्यातच आहे. भूक ओळखायची खूण सोपी: समोर साधं जेवण आलं असतं तरी चाललं असतं का? हो असेल तर ते बक्षीस नव्हतंच. दुपारचं जेवण साडेबाराला आणि पाच वाजता बिस्किटं, हा बहुतेक वेळा भुकेचाच प्रकार असतो. चारलाच एक फळ आणि 25-30 ग्रॅम बदाम खा, पाचची ओढ बरीच उतरेल.

भूक नसेल तर थकवा असतो, सुटलो एकदाचे ही भावना असते, किंवा कुणी 'छान झालं' म्हणावं असं वाटत असतं. ज्याला जे हवं ते द्यायचं. थकव्याला दहा मिनिटं डोळे मिटून पडणं, कौतुकाला मित्राला फोन. बक्षीस काम संपल्यावर काही मिनिटांतच मिळायला हवं. महिन्याअखेरचे नवे बूट इथे फसतात, कारण मन कामाची सांगड लगेच मागोमाग आलेल्या गोष्टीशीच घालतं. मोबाइल चाळणं मात्र यात धरू नकोस, ते दहा मिनिटांत संपत नाही.

गोडाचे दोन वार कॅलेंडरवर ठरव. आठवडा चांगला गेला तरी तेच, वाईट गेला तरी तेच. हे सर्वांत जड जातं, कारण वाईट आठवड्यात हक्क नसल्यासारखं वाटतं. तरी खायचं, नाहीतर गोड पुन्हा गुणपत्रिका होऊन बसेल. 20 ग्रॅम चॉकलेट बशीत काढायचं, पाकीट आत ठेवायचं, मग बसायचं, तेही जेवणानंतर. पूर्ण बंदी घालू नकोस. एक तुकडा चुकून खाल्ला की 'आता मोडलंच आहे तर' म्हणत अख्खं पाकीट संपतं.

केकऐवजी खजूर किंवा मध, ही पळवाट लोकांना फार आवडते. पदार्थ बदलतो, सौदा तोच राहतो. कृत्रिम गोडव्याचंही तेच, आणि वजन आटोक्यात ठेवायला तो वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटनेनेच 2023 मध्ये सांगितलं आहे.

इन्सुलिन घेणाऱ्याला साखर उतरल्यावर लागणारं गोड हे औषध आहे, त्याला यातलं काही लागू नाही. आणि भरमसाट खाणं व मग उपाशी राहणं असं चक्र असेल, तर रकाने भरत न बसता डॉक्टरांकडे जा.

तिसऱ्या शनिवारी जुनी ओढ आली तर घाबरू नकोस. 2009 च्या लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला 18 ते 254 दिवस लागतील असं दिसलं, मधला आकडा 66. पहिल्या सात दिवसांची पानं भरली की पाठव, चौथा रकाना आधी बघू.