‘अमान्य इनपुट’ वाचून कास्तकारानं करायचं काय?

आमच्या शेतकरी कंपनीच्या कापूस नोंदणीच्या ॲपवर बँकेच्या रकान्यात ‘अमान्य इनपुट’ येतं आणि कास्तकार आम्हाला फोन लावतात. मेसेज तर मराठीतच आहे! – दारव्हा, जि. यवतमाळ

मराठीत आहे, पण दुरुस्त काय करायचं ते त्यात कुठं आहे? आयएफएससी कोडच घ्या. एकूण ११ अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य. पासबुकावरून उतरवताना त्या शून्याचा हमखास इंग्रजी ‘ओ’ होतो. तेव्हा लिहा: ‘पाचव्या जागी शून्य हवं, तुम्ही ओ टाकला आहे.’ मी तर म्हणेन, ॲपनंच तिथं शून्य करावं आणि बदल दाखवावा. खाते क्रमांकाचंही तसंच. कुणी मराठी कीबोर्डवरून आकडे टाकले, तर जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रॅमिंग भाषेतला अंक ओळखायचा नेहमीचा पॅटर्न ते नाकारतो. त्याला इंग्रजी आकडेच कळतात. म्हणून तपासण्याआधी आकडे बदलून घ्या. मेसेज त्याच रकान्याखाली दाखवा, आणि एका चुकीपायी अख्खा फॉर्म कोरा करू नका. सातबारा बघून सगळे गट नंबर पुन्हा भरायला लावणं हा निव्वळ छळ आहे.

‘अमुक भरला नाही’ असा एकच साचा ठेवून त्यात रकान्याचं नाव घातलं तर चालेल? ॲप मराठी आणि हिंदीत आहे. – चिमूर

नाही चालणार. ‘क्रमांक भरला नाही’ ठीक, पण ‘तारीख भरला नाही’ वाचून लोक हसतील. हिंदीतही लिंगाची हीच भानगड. प्रत्येक रकान्याचं पूर्ण वाक्य लिहून काढा, काम कंटाळवाणं असलं तरी. सर्व्हरनं फक्त ठरलेला एरर कोड, म्हणजे कोणती चूक झाली त्याची खूण, पाठवावा, वाक्य त्या-त्या भाषेच्या फाइलमधून यावं. हिंदी वाक्य राहून गेलं असेल तर मराठी दाखवा.

आमच्याकडे घरोघर कोरकू बोलतात. मेसेज कोरकूत द्यावेत का? – धारणी, मेळघाट

जरूर, पण गावातल्याच माणसाकडून, आणि शक्यतो आवाजात. वारंवार येणाऱ्या चार-पाच चुकांपासून सुरुवात करा. ब्राउझरच्या सेटिंगवरून भाषा ठरवू नका, बरेच फोन इंग्रजीवरच असतात. भाषेची बटणं पानावर वरच ठेवा.

रेंज गेली की लोक ‘सबमिट’ दाबत राहतात आणि सोयाबीनची नोंद दोनदा होते. – रिसोड

फॉर्म उघडतानाच त्याला एक वेगळा क्रमांक द्या. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरनं नवी नोंद न करता आधीचंच उत्तर परत पाठवावं. मग बिनधास्त लिहा: ‘नेटवर्क गेलं. पुन्हा पाठवा, नोंद एकदाच होईल.’ ‘माहिती फोनमध्ये जपून ठेवली आहे’ हे मात्र ती खरंच ठेवली असेल तरच लिहा. पोच एसएमएसनं देत असाल तर देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच बसतात, इंग्रजीत १६०. त्यामुळे नोंद क्रमांक आधी. कंपनीचं नाव आणि धन्यवाद जागा उरली तर.