भुलीखाली असलेल्या माणसाने कर्ज घेतलं कसं?

तासगावच्या एका ताईंचं पत्र आहे. मार्चमध्ये यजमानांचं मिरजेच्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. 'क्लेमचा ओटीपी येईल' म्हणून तिथल्या एका कर्मचाऱ्याने मोबाइल घेतला, आधार-पॅनच्या झेरॉक्स आधीच दिलेल्या. जुलैत वसुलीवाल्याचा फोन आला, ॲपवरचं ४८,००० रुपयांचं कर्ज थकलंय म्हणून. अशी पत्रं मला आता नेहमी येतात.

हा गुन्हा आहे का, हे विचारत बसू नका. आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी (दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं) आणि ६६डी (दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणूक), दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कैद. खरा प्रश्न पुराव्याचा आहे आणि पुरावा, ताई, तुम्हीच पाठवलेल्या कर्जाच्या करारात शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात आहे: 'ओटीपीद्वारे मान्य, ११.४२'. तारीख ऑपरेशनचीच.

डिस्चार्ज कार्डावर वेळ नाही. पण भूलतज्ज्ञांच्या नोंदीत भूल कधी दिली, रुग्ण शुद्धीवर कधी आला, हे घड्याळ लावून लिहिलेलं असतं. ११.४२ त्या वेळात बसलं, तर ओटीपी यजमानांनी टाकला नाही हे सांगायला दुसरा साक्षीदार नको. डॉक्टरांच्या २००२च्या व्यवसाय-आचार विनियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर कागद ७२ तासांत द्यावे लागतात. अर्ज यजमानांच्या सहीने आजच द्या, पोच घ्या. अर्जात कर्जाचा, तक्रारीचा उल्लेख नको.

आता थोडं रागावून लिहितो. तीन वेळा पोलीस ठाण्यात गेलात आणि तिन्ही वेळा तोंडी सांगून परत आलात! तोंडी सांगितलेलं ऐकून घेतात, नोंद होत नाही. लेखी द्या. गुन्हा नोंदवला नाही, तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने सांगलीच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)मध्ये हीच वाट आहे. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी, आणि तिथल्या तारखा किती लांबतात हे मी रोज पाहतो. त्या कर्मचाऱ्याचं नाव आरोपी म्हणून लिहू नका. मोबाइल कोणी, किती वेळ घेतला एवढंच लिहा, बाकी तपासावर सोडा.

पैसे यजमानांच्याच खात्यात येऊन यूपीआयने निघून गेले आणि पासबुक चार महिने भरलंच नाही. अनधिकृत व्यवहार ३ कामकाजाच्या दिवसांत कळवला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बरंच संरक्षण मिळतं. ते आता कितपत मिळेल, खात्रीने सांगता येत नाही. मोबाइल तुम्हीच हातात दिला, हेही बँक काढेल. रुग्णालयाकडून भरपाईचंही तसंच. ग्राहक आयोगाची मुदत २ वर्षं आहे, त्याची घाई नाही.

घाई सिबिलची, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीची. 'हे कर्ज आम्ही घेतलेलंच नाही' अशी लेखी तक्रार कर्ज कंपनीला आणि सिबिलला एकाच दिवशी करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.

भीतीपोटी २,४०० रुपयांचा एक हप्ता भरलात, ते लपवू नका. 'धमकीमुळे भरला, कर्ज मान्य नाही' असं तक्रारीत लिहा. दुसरा भरू नका.