घरट्याचा पत्ता आणि पाखराचं नाव

प्रिय बेटा,

नवतप्याचा आज तिसरा दिवस. दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून कूलरसमोर बसून हे लिहिते आहे. फोन केला असता तर तू मध्येच "पण ताई" म्हणाली असतीस आणि माझा आवाज चढला असता. लिहिलेलं तू दोनदा वाचशील. मोकळा ग्रुप बरा की देखरेखीचा, असं तू विचारतेस, त्याचं उत्तरही यातच आहे.

तू आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडलीस याचा मला राग नाही. नागपूरच्या अंबाझरी तलावावर काढलेला तुझा नदी सुरयांचा, त्या पाणपक्ष्यांचा, फोटो मी अ‍ॅडमिन म्हणून तीन दिवस अडवून ठेवला आणि का अडवला हे सांगितलंसुद्धा नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही निघून गेले असते. मग तू स्वतःचा ग्रुप काढलास. "इथे कुणीही काहीही विचारावं, कुणी अडवणार नाही" असं वर लिहिलंस आणि आठवडाभरात साडेतीनशे माणसं आली. त्यांत मीही आहे. बोलत नाही, पण रोज वाचते.

चांगलं चाललंय, हे आधी सांगते. काटोलची ती मुलगी रोज सकाळी त्यांच्या संत्र्याच्या बागेतल्या पक्ष्यांची यादी टाकते. तांबट, शिंपी, सुभग, वेडा राघू, राखी धनेशाची जोडी. एकही दुर्मिळ नाव नाही, पण एकाच बागेतली रोजची यादी वर्षभर जमली तर तिची किंमत काय होईल, हे तिला स्वतःला अजून माहीत नसेल. आमच्या ग्रुपवर अशी यादी कधीच आली नाही, कारण साध्या पक्ष्यांना तिथे जागाच ठेवली नव्हती.

पण काल संध्याकाळी तुझ्या ग्रुपवर स्वर्गीय नर्तकाच्या घरट्याचा फोटो आला. तीन पिल्लं, तिन्ही चोची उघड्या, आणि खाली लोकेशन. रात्री अकरापर्यंत पाच जणांनी "रविवारी येतो" असं लिहिलं होतं. हे पत्र त्या फोटोमुळे लिहिते आहे.

सहा वर्षांपूर्वी असंच एक घरटं मी ग्रुपवर टाकलं होतं. होय, मीच. तेव्हा आमचा ग्रुपही तुझ्यासारखाच मोकळा होता. गोरेवाड्याच्या बाजूला एका नाल्यावर, माझ्या डोक्याच्या उंचीवर, फांदीच्या दुबेळक्यात ते घरटं होतं. वाटीएवढंही नाही, गवताच्या काड्या कोळ्याच्या जाळ्याने लिंपून केलेलं. नर पांढराशुभ्र, अंड्यांवर बसला की त्याच्या शेपटीच्या दोन फिती घरट्याबाहेर वीतभर लोंबत. या पक्ष्यात नरही अंडी उबवतो, ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होते. आनंद एकटीला आवरला नाही आणि जागेसकट टाकून दिलं.

पुढच्या रविवारी तिथे पोचले तर नाल्याच्या काठावर गाड्यांची रांग. घरट्यासमोरच्या बारीक फांद्या कुणीतरी कापल्या होत्या, पानं मध्ये येतात म्हणून. कापलेली पानं खाली पडलेली, अजून हिरवी. मे महिना, सकाळचे साडेआठ, आणि घरट्यावर सरळ ऊन. मादी दोन झाडं सोडून ओरडत होती, जवळ येईना. मी सगळ्यांना हात जोडले. काही निघाले, काही म्हणाले, "ताई, तुम्हीच तर बोलावलं." मंगळवारी घरटं रिकामं होतं. पिल्लांना उडायला अजून आठवडा तरी होता. कावळ्याने नेली की उन्हाने गेली, मला माहीत नाही. पानांचा आडोसा कापला की दोन्ही वाटा उघडतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही येतं. हे मला नंतर कळलं. तुला आधी कळावं.

त्या रात्री मी ग्रुपची सेटिंग बदलली. फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं. बाकीच्यांनी फोटो मला खासगीत पाठवायचे, मी बघून पुढे टाकायचे. मला वाटलं, प्रश्न सुटला. घरट्यांचे फोटो बंद झाले, भांडणं बंद झाली, सकाळच्या शुभेच्छांची फुलं बंद झाली. ग्रुप स्वच्छ झाला आणि हळूहळू मुका झाला. पण मुका होण्याने जे नुकसान झालं ते मला दुसऱ्या उन्हाळ्यात दिसलं, आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

उमरेडकडच्या एका शेतकऱ्याचा मेसेज आला होता. फोटो अगदीच धूसर, जुन्या मोबाइलचा. मातीत तीन ठिपक्याठिपक्यांची अंडी आणि मागे लांब पायांचा एक पक्षी. खाली लिहिलं होतं, "ताई, हे कोणतं पाखरू होय? टिटवी नोहे. परवा वखर मारायचा आहे." मी चंद्रपूरला लग्नात होते. चौथ्या दिवशी फोन उघडला, वीस-पंचवीस मेसेज साचलेले, भराभर उत्तरं देत सुटले. त्याला लिहिलं, "फोटो अस्पष्ट आहे, ग्रुपवर टाकता येणार नाही." पाठवल्यावर त्याचे शब्द पुन्हा वाचले. फोटो मोठा करून पाहिला. धाविक होता. उघड्या माळावर, खडकाळ रानात, जमिनीवरच अंडी घालणारा. मी घाईने फोन केला. तो म्हणाला, "आता वखर झाला ताई."

त्याने विचारलं होतं ते पाखराच्या नावासाठी नव्हतंच. तेवढी जागा सोडावी का, हे त्याला हवं होतं. आमच्या ग्रुपवर दोनशे माणसं होती. त्याचा प्रश्न सरळ ग्रुपवर पडला असता तर दहा मिनिटांत कुणीतरी सांगितलं असतं, भाऊ, चार हात जागा सोडा, थोडे दिवस थांबा. तो सोडायला तयार होता, म्हणून तर विचारलं. मध्ये मी उभी होते. त्याने पुन्हा कधी काही पाठवलं नाही.

म्हणून तू मला विचारतेस की मोकळा ग्रुप बरा की देखरेखीचा, तर माझ्या हातून दोन्हींनी नुकसान झालेलं आहे. इतक्या वर्षांत मला एक रेघ सापडली, ती सांगते. जे एकदा बाहेर गेलं की परत घेता येत नाही, ते आधीच अडवायचं. जे चुकलं तर नंतर दुरुस्त करता येतं, ते कधीच अडवायचं नाही, सगळ्यांसमोर दुरुस्त करायचं. घरट्याची जागा, घुबडाची ढोली, सारसाची जोडी भाताच्या कोणत्या बांधीत उतरते ते, हे पहिल्या प्रकारातलं. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२२ पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण तोवर तो चार ग्रुपवर गेलेला असतो. चुकीची ओळख, धूसर फोटो, "हे काय होय" असले प्रश्न, हे सगळं दुसऱ्या प्रकारातलं. ते येऊ दे. जितकं येईल तितकं बरं.

फक्त येऊ दे म्हणजे तसंच राहू दे असं नाही, आणि इथे तुझ्या ग्रुपची दुसरी गोष्ट. परवा कुणीतरी सेमिनरी हिल्सवरच्या पिंगळ्याला, त्या नेहमीच्या छोट्या घुबडाला, दुर्मिळ रानपिंगळा म्हणून टाकलं. साठ अंगठे आले. त्या साठात दोन-तीन जण तरी असे होते ज्यांना फरक माहीत आहे. मी त्यांना ओळखते. ते का बोलले नाहीत? तुझ्या ग्रुपवर चूक दाखवणारा "आला मोठा शहाणा" ठरतो, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. कुणी अडवत नाही तिथे जो जोरात बोलतो तोच अडवायला लागतो.

रानपिंगळ्याची गोष्ट तुला अर्धीच माहीत असेल. १८८४ नंतर तो कुणाला खात्रीने मिळाला नव्हता आणि १९९७ साली पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आपल्याच राज्यात शहाद्याजवळ सापडला. ११३ वर्षांनी. पुढे मेळघाटातही तो दिसला. पण मधल्या काळात एक नोंद होती, रिचर्ड माइनर्टझहागेन या नामांकित ब्रिटिश पक्षीसंग्राहकाची, १९१४ सालची, गुजरातेतली. रासमुसेन यांनी तो पेंढा भरलेला नमुना तपासला तेव्हा कळलं की तो जुना, दुसऱ्याने गोळा केलेला, संग्रहालयातून चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला आहे. ती नोंद बाजूला काढली तेव्हा कुठे शोधायचं ते नीट दिसलं. चिठ्ठी इतक्या वर्षांत कुणी खोडली नाही, कारण ती मोठ्या माणसाची होती. साठ अंगठे पडले की साधी चूकही तशीच मोठी होऊन बसते.

आता त्या फोटोखाली तू काय लिहावंस? "चुकीची माहिती टाकू नका" असं मुळीच नको. लिही की फोटो छान आहे, डोकं बघा, माथ्यावर पांढरे ठिपके दाट आहेत, म्हणजे हा आपला नेहमीचा पिंगळा. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा असतो, पंखांवर आणि शेपटीवर पट्टे ठळक आणि पोटाखालचा भाग पांढरा. बस. ज्याने टाकला तो शिकेल, आणि ज्या साठ जणांनी अंगठे दिले तेही शिकतील. मी हाच फोटो खासगीत परत पाठवला असता तर एकच माणूस शिकला असता, तोही हिरमुसून.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तू याद्या टाकतेसच, तिथली रीत बघ. एखादी नोंद त्या भागासाठी विचित्र वाटली की तिथले तपासनीस तुला विचारतात, काय पाहिलं, कसं पाहिलं. खात्री पटली नाही तर नोंद सार्वजनिक नकाशावर येत नाही, पण तुझ्या स्वतःच्या यादीतून ती कुणी पुसत नाही. आणि जागा कळली तर ज्यांना धोका होईल अशा काही पक्ष्यांची नेमकी जागा तिथे लोकांना दिसतच नाही. यात तुझा अपमान कुठेच नाही. फार विचार करून घातलेली घडी आहे ती.

तू म्हणालीस, अ‍ॅडमिन झालं की पोलीस केस होते, म्हणून तुला कुणी अडवणारा ठेवायचाच नाही. ती भीती मनातून काढ. २०२१ साली उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने सांगितलं आहे की दुसऱ्या सदस्याने आक्षेपार्ह काही लिहिलं तर समान उद्देश असल्याचं दिसल्याशिवाय केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला त्या गुन्ह्यात धरता येत नाही. प्रकरण गोंदियाकडचं होतं. कायद्याचं ओझं तुझ्यावर फारसं नाही. त्या तीन पिल्लांचं आहे.

बाकी बारीकसारीक तू बघशीलच. राजकारण, कर्जाच्या जाहिराती, देवाचे फोटो ग्रुपवरून काढून टाकत जा, त्यावर वाद घालत बसू नको. पक्षी बाहेर यावा म्हणून फोनवर त्याचा आवाज वाजवणाऱ्याला एकदा समजाव, दुसऱ्यांदा काढ. पण एकटीने अ‍ॅडमिन राहू नको, हे माझं ऐक. मी एकटी होते म्हणून एका लग्नापायी चार दिवस गेले. तिघं असा, आणि त्यांतला एक नागपूरबाहेरचा, शेती करणारा असू दे. काही काढलंस तर का काढलं ते त्याच जागी दोन ओळींत लिही. ज्याचं काढलं त्याला रागवायला कारण हवं असतं. कारण दिलं नाही की तो तुझ्या स्वभावावर रागावतो. तू माझ्यावर रागावलीस तशी.

तुझ्या सुरयांचं सांगायचं राहिलं. त्या फोटोत मागे वाळूवर एक पक्षी बसलेला होता, मला वाटलं अंड्यांवर असेल. म्हणून अडवला. बरोबरच अडवला असं आजही वाटतं, पण तुला हे एक वाक्य त्याच दिवशी लिहायला हवं होतं.

तर आज संध्याकाळपर्यंत तो घरट्याचा फोटो ग्रुपवरून काढून टाक. ज्याने टाकला त्याला आधी फोन कर, मग काढ, आणि ग्रुपवर लिही की पिल्लं उडाली की फोटो पुन्हा टाकू, जागेशिवाय. "रविवारी येतो" म्हणणाऱ्या पाचही जणांना वेगवेगळं कळव. रविवारी सकाळी साडेपाचला मी फुटाळा तलावावर असेन, त्यांना तिकडे पाठव, मी सगळ्यांना बदकं दाखवीन. उन्हाळ्यात फार नसतात, पण हळदी-कुंकू बदक हमखास असतं.

आणि आज सकाळी मी आमच्या ग्रुपची सेटिंग बदलली. आता सगळ्यांना लिहिता येतं. घरट्याच्या जागेचा नियम तेवढा वर लिहून ठेवला आहे. उमरेडच्या त्या शेतकरी भाऊंचा नंबर माझ्याकडे अजून आहे. मृग लागायच्या आत, पेरणीची घाई सुरू होण्याआधी, त्यांना फोन करते. ते हो म्हणाले तर तुझ्या ग्रुपवर त्यांना घे, आणि तिसरे अ‍ॅडमिन होतील का ते तूच विचार.

तुझी,
ताई