वाचकांचे प्रश्न : तिकिटावरचे तास, हवेतले तास

प्रश्न : मे महिन्यात मुलीकडे न्यूयॉर्कला जायचंय. थेट विमान रात्री 2:00 ला सुटून त्याच सकाळी 8:00 ला पोचतं. परतीचं सकाळी 11:30 ला निघून दुसऱ्या दिवशी 11:00 ला मुंबईत. जाताना सहा तास आणि येताना साडेतेवीस, हे कसं? अंतर नक्की किती?
– एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : तिकिटावर सुटायची वेळ निघता त्या गावची असते आणि पोचायची वेळ उतरता त्या गावची. मे महिन्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. जाताना ते मिळवा : 6 + 9:30 = साडेपंधरा तास. येताना वजा करा : 23:30 − 9:30 = चौदा तास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, मग फरक साडेदहाचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेनऊ. मुक्काम त्यापलीकडे लांबला तर हिशेब चुकतो तो इथेच.

राहिला जाण्या-येण्यातला दीड तासाचा फरक. तो वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे झोत वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. सरळ अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. ताशी 900 ने भागलं तर चौदा तासांच्या जरा आत. सरासरी 80 चा वारा समोरून आला तर सव्वापंधरा, मागून आला तर पावणेतेरा. तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंतची रांग आणि वळसेही धरलेले असतात.

‘सरळ’ म्हणजे भिंतीवरच्या नकाशातलं नव्हे. घरातल्या पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांत दोरा ताणून धरा. तो अरबस्तानावरून जाणारच नाही. अफगाणिस्तान, कझाकस्तान, सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, आइसलँडचा पूर्व किनारा, ग्रीनलँडचं दक्षिण टोक असा वर चढून खाली उतरतो. प्रत्यक्षात विमान या दोऱ्यावरून जाईलच असं नाही. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा वळसा घ्यावा लागून वेळ वाढला.

प्रश्न : तिकिटावर 15 तारीख, 01:55 आहे. घरून कधी निघू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : 14 तारखेच्या संध्याकाळी! 15 ला रात्री जेवून निघालेल्यांचं विमान तोवर जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असतो. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, काहींचा त्याहीआधी. साडेदहापर्यंत सहार विमानतळावर पोचा. अंतर फार नाही, पण पवईचा जोडरस्ता रात्रीही तुंबतो, म्हणून साडेआठला बॅगा गाडीत हव्यात. आणि एक : नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये सुरू झाल्यापासून तिकिटावरची तीन अक्षरं बघितल्याशिवाय टॅक्सी सांगू नका. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे उलवे.