मोरजीच्या घरात तांब्याचे दिवे: काळवंडतील, तरी लावा

गोव्यातल्या मोरजीच्या कौलारू घरात, पाच फुटी जेवणाच्या टेबलावर तांब्याचे तीन लटकते दिवे लावायचा तुमचा विचार आहे. खाऱ्या हवेत ते काळे पडतील का आणि ऑनलाइन मिळणारे दिवे खरंच तांब्याचे असतात का, असं तुम्ही विचारलंय.

काळे पडतील. समुद्र इतका जवळ असताना पहिल्याच पावसाळ्यात झळाळी जाते, आधी तपकिरी आणि मग गडद चॉकलेटी रंग येतो. म्हणून दुकानातली चकाकी बघून दिवा ठरवू नका. तपकिरी झाल्यावर तो आपल्याला आवडेल का, एवढंच बघा. मला तर तो तेव्हाच जास्त देखणा वाटतो. लाकडी वासे, लाल कौलं आणि तपकिरी तांबं एकमेकांना फार शोभतात.

चकाकी टिकावी म्हणून लॅकर, म्हणजे पारदर्शक वॉर्निशसारखा थर मारलेले दिवे मिळतात. आपल्या किनाऱ्यावर मी ते सुचवणार नाही. लॅकरला कुठेतरी बारीक चरा जातो, तिथून दमट हवा आत शिरते आणि थराच्या खाली काळे डाग पसरत जातात. मग पूर्ण लॅकर काढल्याशिवाय ते पुसता येत नाहीत. कोरं तांबं घ्या. चवथीच्या आधी घरातली समई, तांब्या-पितळेची भांडी घासायला काढतोच, त्यातच दिव्याच्या छत्र्याही उतरवून घ्या. चिंच किंवा बिमली आणि मीठ पुरतं. मात्र नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा. आंबट-खारट अंश मागे राहिला तर तिथेच हिरवे ठिपके उमटतात. वर मेणाचा पातळ हात फिरवला तर रंग सावकाश बदलतो.

आता खरं-खोटं. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, वर फक्त मुलामा. असा दिवा मोरजीत गंजून फुगेल, तो घेऊच नका. चुंबक चिकटला नाही तरी ॲल्युमिनियम असू शकतं; ते हातात घेताच हलकं लागतं, कारण तांबं त्याच्या तिप्पटीहून जड असतं. वायर जाते त्या भोकाची कडही बघा, खरं तांबं कापलेल्या जागीही लालच दिसतं. ऑनलाइन मागवताना या परीक्षा करता येत नाहीत, म्हणून माल परत घेणाऱ्याकडूनच घ्या. खर्चाची तयारी असेल तर पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हाताने घडवलेलं काम मिळतं. त्यांच्या मठारकामाच्या, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी भरलेल्या छत्रीवर प्रकाश शेकडो तुकड्यांत चमकतो आणि डागही फारसे जाणवत नाहीत. पितळ चालणार असेल तर एवढं लांब जायलाही नको, आपल्या डिचोलीत समया घडवणारे कारागीर आहेत.

पाच फुटी टेबलाला तीन दिवे गर्दी करतील. दहा-बारा इंच व्यासाचे दोनच लावा, टेबलाच्या पृष्ठभागापासून साधारण तीस इंच वर. त्याहून खाली आले तर समोरच्याचा चेहरा झाकतो, फार वर गेले तर बल्ब डोळ्यांत येतो. छत्री आतून कोरी असेल तर तांबं निळा प्रकाश कमी आणि लाल जास्त परतवतं, त्यामुळे उजेड तांबूस होतो. जेवणाच्या टेबलावर हुमण-भात त्यात सुरेख दिसतो, पण मासे साफ करायच्या ओट्यावर तसला दिवा नको, तिथे आतून पांढरी छत्री घ्या. कोऱ्या छत्रीत ३००० केल्विनचा एलईडी पुरे, २७०० चा जरा जास्तच पिवळा पडेल. छत्री खालून उघडी हवी. बंद काचेच्या गोळ्यात पावसाळ्यातले पंखवाले किडे साचतात आणि एलईडीही तापून लवकर जातो.

छताला पंखा आहे का, ते तुम्ही सांगितलेलं नाही. असेल तर त्याची पाती आणि दिवा यांच्यात भरपूर अंतर ठेवा, नाहीतर दिवा झुलत राहतो आणि सावल्या नाचतात. आणि माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधायची फळा-पानांची चौकट, त्याच खोलीत बांधत असाल तर तिची जागा आधी आखा, दिव्याचे हूक नंतर.

वजन प्लायच्या फॉल्स सीलिंगवर टाकू नका, सरळ तुळईत किंवा भक्कम वाशात हूक बसवा. वाळवी लागलेली नाही ना, ते ठोकून बघा. हूक आणि स्क्रू पितळेचे किंवा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. तांब्याला टेकलेला साधा लोखंडी स्क्रू खाऱ्या दमट हवेत झपाट्याने खाल्ला जातो. छत्री धातूची आहे, तेव्हा वायर तीन पदरी हवी आणि अर्थिंग छत्रीपर्यंत पोचायला हवं. जुन्या घरांत दिव्याच्या पॉइंटला बरेचदा दोनच तारा असतात. इलेक्ट्रिशियनला आधी तेच तपासायला सांगा आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर त्याच दिवशी बसवून घ्या.